खोली करून राहणारी मुले

जून संपत आला की अमरावतीच्या बसस्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. दर्यापूरकडून, अचलपूरकडून, धारणीकडून आलेल्या एस.टी.तून एखादा मुलगा किंवा मुलगी उतरते आणि मागोमाग वडील उतरतात. वडिलांच्या खांद्यावर सुतळीने बांधलेली गादी असते, हातात बादली असते आणि बादलीत लोणच्याची बरणी, तांब्या, आरसा असा संसार कोंबलेला असतो. ऑटोवाल्याशी थोडी घासाघीस होते आणि दोघे गाडगेनगर, कठोरा नाका अशा कुठल्या तरी वस्तीत आधी ठरवून ठेवलेल्या खोलीकडे निघतात. अकोल्याच्या बसस्थानकावरही हेच चित्र दिसते. फक्त गाडीवरची पाटी तेल्हाऱ्याची, पातूरची किंवा बाळापूरची असते.

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘खोली करून राहणे’. ‘पोरगा अमरावतीले खोली करून रायते’ असे गावात सांगताना बापाच्या आवाजात थोडा अभिमान असतो आणि थोडी काळजीही असते. मुलाचे शिक्षण म्हटले की आपण कॉलेज, फी, पुस्तके आणि क्लास यांचा विचार करतो. खोलीचा विचार मात्र भाडे ठरेपर्यंतच. त्या खोलीत मूल काय खाते, किती झोपते, अंगात ताप असला तर कोणाला सांगते, आणि रात्री एकटे असताना त्याच्या मनात काय येते, हे आपल्या हिशेबात नसते. माझ्याही हिशेबात नव्हते. त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकराने मोजली, म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

आमच्या घराला गच्चीवर एक खोली आहे. २०१४ साली ती मी दर्यापूर तालुक्यातल्या एका मुलीला भाड्याने दिली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. (तिच्या संमतीने हे लिहिते आहे आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.) मी तेव्हा बँकेत अधिकारी होते आणि हिशेबाची सवय हाडीमाशी मुरलेली होती. भाड्याची एक वही मी ठेवली होती. महिना, तारीख, रक्कम, विजेचे युनिट, सही. त्या वहीत या मुलीचे पान सगळ्यांत स्वच्छ होते. पाच तारखेच्या आत भाडे, कधी एक दिवसाचा उशीर नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तिच्या खोलीतला दिवा जळताना दिसे. मी घरात कौतुकाने सांगत असे, ‘बघा, याला म्हणतात अभ्यास!’

त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि सोयाबीनने दगा दिला. दर्यापूरचा तो भाग म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारट, त्यामुळे विहिरीच्या भरवशावर पीक वाचवण्याची सोय नाही. पावसाने पाठ फिरवली की सगळेच पाठ फिरवतात. हे सारे मला ठाऊक होते, बँकेत पीककर्जाच्या फायली रोज हातांखालून जात होत्या. पण त्या फायली आणि गच्चीवरची ती मुलगी यांचा संबंध माझ्या डोक्यात कधी जुळलाच नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी ती जिन्यात चक्कर येऊन पडली. आम्ही दवाखान्यात नेले. हिमोग्लोबिन साडेसहा निघाले. तिच्या वयाच्या मुलीला ते निदान बारा हवे. डॉक्टरांनी मला विचारले, ‘तुम्ही कोण हिच्या?’ मी म्हटले, ‘घरमालकीण.’ ‘मग तुम्हाला काय माहीत असणार,’ असे म्हणून ते कागदावर लिहू लागले. ते टोचून बोलले नव्हते. त्यांनी साधी वस्तुस्थिती सांगितली होती, आणि तीच मला जास्त लागली. सहा महिने ती माझ्या डोक्यावरच्या खोलीत राहत होती. तिने किती युनिट वीज जाळली हे मी सांगू शकत होते, ती जेवते की नाही हे सांगू शकत नव्हते.

हळूहळू कळले ते असे. ऑक्टोबरपासून तिने डबा एकाच वेळचा केला होता. रात्री फुटाणे, नाहीतर चहा आणि टोस्ट. वाचलेल्या पैशांतून भाडे वेळेवर निघत होते. माझ्या वहीतले ते स्वच्छ पान तिच्या पोटातून आलेले होते. आणि तो दिवा? अभ्यास केव्हाच थांबला होता. झोप येत नव्हती म्हणून दिवा चालू होता. पुस्तक उघडले की अक्षरे लागत नसत, वर्गात गेले की आपल्याला काहीच येत नाही असे वाटे, मग वर्गात जाणेही सुटले. सकाळ होऊच नये असे पुष्कळ दिवसांपासून वाटत होते, हे तिने तिसऱ्या दिवशी सांगितले. तेही मला नव्हे, वॉर्डातल्या परिचारिकेला. त्या बाई रोज तिची वेणी घालता घालता बोलत असत.

निरोप मिळताच वडील आले. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत म्हणाले, ‘बाई, औंदा पिकलं नाई हे आमी तिले सांगतलंच नाई. कायले सांगा? तिचा अभ्यास खराब होते. पण तिनं पेपरात वाचलं, अन् तिनं बी आमाले काई नाई सांगतलं.’ बापाने लेकीपासून लपवले आणि लेकीने बापापासून. दोन्हीकडे मायाच होती, आणि त्या मायेपोटीच दोघे एकमेकांना अंधारात ठेवून बसले होते.

त्या मुलीचे एक वर्ष गेले. अंगात रक्त भरायला औषध आणि अन्न लागले, मन ताळ्यावर यायला मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार आणि वेळ लागला. पुढच्या वर्षी ती परत आली, पदवीधर झाली, आज एका शाळेत विज्ञान शिकवते. शेवट गोड झाला. पण तो माझ्यामुळे झालेला नाही, आणि सगळ्यांचा शेवट असा होत नाही हेही मला ठाऊक आहे.

* * *

ही गोष्ट सांगितली की समवयस्क मंडळींकडून एक प्रश्न ठरलेला येतो. ‘आमच्या वेळी कुठे होते हे ताणबिण? आम्हीही उपाशी शिकलो. आताची पोरेच नाजूक.’ या प्रश्नाला टाळून पुढे जाणे बरे नाही, कारण त्यात थोडे सत्य आहे आणि बरेचसे विस्मरण आहे.

आमच्या वेळी म्हणजे अमरावतीची कॉलेजे अजून नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती तेव्हा. अमरावती विद्यापीठ १९८३ साली झाले. मी खेड्यातून आले आणि मुलींच्या वसतिगृहात राहिले. अन्न साधेच होते. पण जेवणघराच्या दाराशी रेक्टरबाई उभ्या असत आणि त्या ताटे मोजत. एक ताट कमी भरले की विचारत, ‘आज कोण आले नाही?’ मग कोणीतरी वर जाऊन बघून येई. त्या बाईंचा आम्हाला भयंकर राग येई. ‘हिला काय करायचे आहे?’ असे आम्ही कुजबुजत असू. आज वाटते, त्या दोन वर्षांत माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार त्या ताटे मोजण्याचे होते. त्यांनी ताटे मोजली, मी पुढे विजेचे युनिट मोजले.

ती रेक्टरबाई आकाशातून पडलेली नव्हती. वऱ्हाडात त्यामागे एक परंपरा होती. डॉ. पंजाबराव देशमुख स्वतः पापळसारख्या खेड्यातून निघून विलायतेपर्यंत शिकून आले. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले, त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ साली अकोल्यात उभे राहिले, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यांच्या सुरुवातीच्या कामांतले एक काम अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढण्याचे होते. खेड्यातल्या पोराला शाळा-कॉलेज मिळाले तरी शहरात त्याला राहायला जागा आणि वेळेवर अन्न मिळाले नाही तर ते शिक्षण निम्म्यात सुटते, हे ज्याने स्वतः भोगले होते त्याला सांगावे लागले नाही. नंतर श्री शिवाजी शिक्षण संस्थेची शाळा-कॉलेजे गावोगावी निघाली, पण छात्रालयाची कल्पना आधीची आहे हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरी परंपरा शरीराची. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी इथल्या चमूने देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली, हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण व्यायामशाळेचा खरा उपयोग बर्लिनला गेलेल्या मूठभरांपेक्षा कुठेच न गेलेल्या शेकडोंना झाला. संध्याकाळी तासभर मातीत घाम गाळणारा मुलगा रात्री झोपत असे, सकाळी त्याला भूक लागत असे, आणि दोन दिवस तो आला नाही तर वस्ताद त्याच्या घरी निरोप धाडत असे. तिथेही कोणीतरी ताटे मोजत होतेच म्हणायचे.

आणि गाडगेबाबा. त्यांचे नाव २००५पासून आपल्या विद्यापीठाला आहे. घरातले ताट-भांडे विकावे लागले तरी चालेल, भाकर हातावर घेऊन खा, पण मुलांना शिकवा, असे ते कीर्तनातून सांगत. त्यांचा हा उपदेश आपण चुकीच्या माणसाला लागू केला असे मला अलीकडे वाटू लागले आहे. बाबांनी हातावर भाकर घेऊन खायला आईबापांना सांगितले होते. मुलाला उपाशी ठेवा असे सांगितले नव्हते. उलट जिथे जातील तिथे त्यांनी धर्मशाळा, सदावर्ते, वसतिगृहे उभारली. आधी डोक्यावर छप्पर आणि पोटात घास, मग पाटी-पुस्तक, हा त्यांचा क्रम होता. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लेकरांनी भाडे भरण्यासाठी रात्रीचा घास सोडावा, हे त्यांना कसे रुचले असते?

तेव्हा ‘आमच्या वेळी ताण नव्हता’ हे खरे नाही. ताण होता, पण तो ओळखणारी माणसे वाटेवर उभी होती. आणि आणखी एक गोष्ट होती. नापास झालेला मुलगा गावी परत जाऊ शकत होता. शेत त्याला सामावून घेई. आज परत जायला शेत उरले आहे का, आणि असले तर ते कर्जातून मोकळे आहे का? पोराला हे कळते. त्याच्या दृष्टीने परतीची गाडी बंद झालेली असते.

* * *

आता मुलांची संख्या वाढली आणि वसतिगृहे त्या प्रमाणात वाढली नाहीत. ती जागा खोल्यांनी घेतली. अकोल्याचेच उदाहरण घ्या. गेल्या काही वर्षांत वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीसाठी विदर्भातून मुले तिथे येऊ लागली. क्लासच्या आसपास घरांवर मजले चढले, कुठे गच्चीवर पत्रे टाकून खोल्या निघाल्या. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा अलीकडे मेच्या पहिल्या रविवारी होत आली आहे. अकोल्याचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या आसपास. पत्र्याच्या खोलीत, पाणी संपलेल्या कूलरसमोर, सतरा वर्षांचे पोर वर्षाची शेवटची उजळणी करते. त्याची झोप उडाली, डोके दुखू लागले, चिडचिड वाढली तर त्याला आपण मनाचा कमकुवतपणा म्हणणार की उन्हाचा आणि उपासाचा परिणाम म्हणणार? शरीर आणि मन अशी दोन खाती आपण वेगळी उघडली आहेत. खरे म्हणजे खाते एकच आहे. एकीकडून काढले की शिल्लक दुसरीकडचीही घटते.

२०२४ साली ‘नीट’ला २३ लाखांवर मुले बसली. देशातल्या एम.बी.बी.एस.च्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे वीसएक मुलांमागे एक जागा. उरलेल्या एकोणीस जणांचे काय करायचे हे घरात बोललेलेच नसते. हे नुसते गणित आहे, त्यात मुलाचा दोष नाही. पण निकालाच्या दिवशी एकोणीस घरांतून त्याला दोषासारखेच पाहिले जाते.

बँकेत असताना शैक्षणिक कर्जाचे अनेक अर्ज मी हाताळले. त्या कर्जात विद्यार्थी कर्जदार असतो आणि बाप सहकर्जदार. बाप अंगठ्याने नाहीतर थरथरत्या अक्षरांत सही करतो आणि शेजारी बसलेले पोर ती रक्कम वाचत असते. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मी कितीदा पाहिले आहे. आम्ही गुणपत्रिका तपासत होतो, प्रवेशपत्र तपासत होतो, बापाचा सातबारा पाहत होतो. ‘बाळ, फी भरून झाली, पण जेवणाचे काय करणार आहेस?’ असे विचारायला अर्जात रकाना नव्हता. रकाना नव्हता म्हणून मी विचारले नाही. कागदावर नाही ते आपले काम नाही, ही शिस्त मी घरीही घेऊन आले होते.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्यांत सर्वाधिक, म्हणजे १,७६४, आपल्या महाराष्ट्रातले होते. हे आकडे वाचून घाबरून जाऊन मुलाला घरी बोलावून घ्या असे मी म्हणणार नाही. अशा प्रत्येक घटनेमागे एकच कारण नसते. परीक्षा, पैसा, प्रेम, अपमान, आजार असे बरेच धागे एकमेकांत गुंतलेले असतात. ‘निकालाच्या भीतीने’ असे दोन शब्दांत सांगून मोकळे होणे ही आपली सोय आहे. पण यातल्या कितीतरी मुलांचे दिवे कित्येक रात्री जळत असतील आणि खालच्या मजल्यावर कोणीतरी त्याला अभ्यास समजत असेल, हा विचार मला झोपू देत नाही.

दुसरा आकडा इतका भयंकर वाटत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. निम्म्याहून जास्त! म्हणजे कॉलेजच्या वर्गात मुलींच्या बाकांवर नजर टाकली तर दर दुसरी मुलगी. लक्ष लागत नाही, जिना चढताना दम लागतो, सारखे रडू येते, कशात रस वाटत नाही. यातले रक्ताच्या कमतरतेमुळे किती आणि मनाच्या खिन्नतेमुळे किती, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आणि तपासायला कोणी नेतच नाही. त्यातून मुलींचा आणखी एक उपास असतो, पाण्याचा. कॉलेजातले स्वच्छतागृह जाण्याजोगे नसेल तर ती सकाळपासून पाणीच पीत नाही. हे कोणत्याही प्राचार्याला तिने कधी सांगितलेले नसते.

* * *

मग करायचे काय? इथे मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका कामाची आठवण द्यावीशी वाटते. शेतकरी आत्महत्यांमुळे आपल्या भागाचे नाव देशभर झाले त्यानंतरच्या काळात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून तयार केले गेले. खिन्नता कशी ओळखायची, माणसाशी कसे बोलायचे, आणि डॉक्टरकडे केव्हा न्यायचे, एवढे त्यांना शिकवले. दीड वर्षानंतर काय दिसले? खिन्नतेने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ डॉक्टर गावोगावी पुरणार नाहीत हे उघड होते. ओळखणारे आणि पोहोचवणारे माणूस मात्र गावातच तयार करता आले.

जे भंडारज-चांदूरच्या शेतकऱ्यांसाठी जमू शकते ते त्यांच्या मुलांसाठी गाडगेनगरात आणि जठारपेठेत का जमू नये? विद्यार्थ्याच्या वाटेवर किती माणसे रोज उभी असतात ते पाहा. डबा देणारी काकू आहे. एकाच वेळचा डबा करा असे मुलाने सांगितले की तिला सर्वांआधी कळते. ग्रंथपाल आहे, रोज येणारा मुलगा यायचा थांबला हे त्याला दिसते. क्रीडाशिक्षक आहे, प्रयोगशाळेतला सहायक आहे, घरमालक आहे. यांना डॉक्टर व्हायचे नाही. त्यांनी विचारायचे आहे, शांतपणे ऐकायचे आहे आणि गरज दिसली तर सोबत चालत जायचे आहे. ‘मरावंसं वाटते काय रे?’ असे स्पष्ट विचारले तर मुलाच्या डोक्यात नसलेले भरेल, अशी भीती अनेकांना वाटते. तज्ज्ञ सांगतात, तसे होत नाही. विचारल्याने बहुधा त्याचा ऊर मोकळा होतो.

कायदा आता आपल्या बाजूचा आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्वतःच्या जिवावर उठलेल्या माणसाला गुन्हेगार समजण्याऐवजी तो तीव्र ताणाखाली आहे असे मानायला सांगितले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. क्लासेसही यात आले. गुणांवरून मुलांच्या तुकड्या पाडू नयेत, सर्वांसमोर पाणउतारा करू नये, हेही त्यात आहे. पालकांनी प्रवेशाच्या वेळी फीचा तक्ता मागतो तसे ‘तुमचे समुपदेशक कोण, कोणत्या वेळेला बसतात?’ हे विचारले पाहिजे. ग्राहक विचारतो तेव्हाच दुकानदार माल ठेवतो. आणि त्या समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या दालनाला खेटून नसावी. तिथे शिरताना सगळ्या कॉलेजने पाहावे अशी जागा असेल तर कोण जाईल?

कॉलेजांकडे माझी आणखी तीन मागणी आहे. जुलैमध्ये प्रवेश होताच मुलामुलींचे रक्त तपासावे आणि ज्याला लागेल त्याला लोहाच्या गोळ्या आणि डॉक्टरांचा सल्ला मिळावा. मुलींची स्वच्छतागृहे पाण्यासह रोज सुरू राहावीत. आणि मैदान स्पर्धेत न उतरणाऱ्यांसाठीही संध्याकाळी तासभर उघडे असावे. मैदान संघात निवडलेल्या पंधरा जणांचे आणि बाकीचे पाचशे जण कट्ट्यावर, ही वाटणी व्यायाममंडळाच्या गावाला शोभत नाही. शासनाकडे एक मागणी आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी निर्वाहभत्त्याच्या योजना आहेत. त्यातली एक डॉ. पंजाबरावांच्याच नावाची आहे. योजना चांगल्या आहेत. पण खानावळीचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात. पैसे वर्ष संपताना खात्यात पडले तर त्यातून उधारी फिटते, पोट भरत नाही. हे मी चौतीस वर्षे खाती पाहिल्यावर सांगते आहे.

पालकांना मी काय सांगणार? एवढेच की फोनवर पहिला प्रश्न ‘पेपर कसा गेला’ हा नसावा. ‘आज काय जेवला?’, ‘झोप लागते काय?’ हे आधी विचारावे. घरची नापिकी मुलापासून लपवू नये. ते वर्तमानपत्र वाचते. त्याला सांगावे, ‘औंदा तंगी आहे, पण तुझ्या डब्याचे पैसे वेगळे काढून ठेवले आहेत.’ आणि एक वाक्य परीक्षेच्या आधीच म्हणून ठेवावे, ‘नाही जमले तरी घरी ये.’ निकालानंतर म्हटले तर ते सांत्वन वाटते. आधी म्हटले तर त्या एका वाक्याने परतीची गाडी सुरू राहते. आणि मूल फार खचलेले दिसले, बोलायचे बंद झाले, जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागले तर त्याला एकटे न सोडता डॉक्टरकडे न्यावे. ‘टेलिमानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. तो क्रमांक खोलीच्या दाराआड, विजेच्या मीटरशेजारी चिकटवून ठेवायला घरमालकाला काहीच खर्च येत नाही.

गच्चीवरची खोली आम्ही अजून भाड्याने देतो. यंदा दोन मुली आहेत, एक मूर्तिजापूरकडची आणि एक चिखलदऱ्याकडची. वही मी अजून ठेवते, पण आता ती दोन बाजूंनी लिहिते. मागच्या पानांवर त्यांच्या आईवडिलांचे, कॉलेजातल्या एका शिक्षकाचे आणि जवळच्या दवाखान्याचे फोन आहेत. संध्याकाळी जिन्यात पावले वाजली की मी दारात येऊन विचारते, ‘जेवण झालं काय गं?’ परवा मूर्तिजापूरची मुलगी वैतागून म्हणाली, ‘काकू, तुम्ही रोज हेच काऊन विचारता?’

मला रेक्टरबाई आठवल्या. मी तिला म्हटले, ‘विचारणारच. तू चिडत जा.’ ती हसली आणि म्हणाली, ‘झालं काकू. आज आलूची भाजी होती.’